सुरीचे पाते आणि मूठ

स्वयंपाकघरात रोज हाताळल्या जाणाऱ्या साधनांपैकी सुरीइतके साधे दिसणारे साधन क्वचितच आढळेल. एका कडेला धार असलेले पाते आणि ते धरण्यासाठी मूठ, एवढेच तिचे दोन भाग. परंतु या साध्या वस्तूकडून ज्या अपेक्षा केल्या जातात त्या मात्र परस्परविरोधी असतात. सुरी घडवण्याची विद्या म्हणजे या विरोधी अपेक्षांचा मेळ घालण्याची विद्या होय.

पदार्थ कापला जातो तो दाबामुळे. हाताचा जोर तोच असला तरी तो जितक्या कमी जागेवर एकवटेल तितका दाब वाढतो. म्हणून धार शक्य तितकी पातळ असावी लागते. पातळ धार टिकायची तर धातू कठीण हवा. मऊ धातूची पातळ धार थोड्याच वापरात दुमडते. परंतु धातू जसजसा कठीण होतो तसतसा तो ठिसूळही होतो. पूर्णपणे कठीण केलेले पाते माशाच्या काट्यावर आदळले तर त्याचा टवका उडतो आणि फरशीवर पडले तर त्याचे दोन तुकडेही होऊ शकतात. धारेला काठिण्य हवे आणि पात्याच्या अंगाला चिवटपणा हवा, ही पहिली अडचण.

दुसरी अडचण मुठीची. महाराष्ट्रातील विळी, बंगालमधील बोटी आणि तमिळनाडूतील अरिवाळमनै या साधनांत पाते पाटावर स्थिर असते. पाट पायाने दाबून धरला जातो आणि दोन्ही हातांनी भाजी पात्याकडे नेली जाते. तेथे मुठीचा प्रश्नच उद्भवत नाही. सुरीच्या बाबतीत क्रम उलटा आहे. पदार्थ फळीवर स्थिर असतो आणि पाते हलते. पात्याचे वजन, त्याचा तोल, त्याची दिशा या सर्वांचा भार एका मनगटावर येतो. हात ओला असतो, तेलकट असतो, आणि काम तासन्‌तास चालते. त्यामुळे मूठ ही केवळ पाते धरण्याची सोय नसून सुरीचा निम्मा भाग असते.

या दोन्ही अडचणींची उकल निरनिराळ्या देशांतील कारागिरांनी निरनिराळ्या रीतीने केली आहे. त्यांतील एक अतिशय काटेकोर रीत जपानमधील साकाई या शहरात पाहावयास मिळते. तेथे एक सुरी एक माणूस बनवीत नाही. लोहार पाते घडवतो, शिकलगार त्याला धार देतो, मूठ करणारा मूठ करतो आणि व्यापारी या सर्वांची सांगड घालून सुरी पुरी करतो. ही व्यवस्था कशी निर्माण झाली, तिच्यामुळे सुरीला कोणते गुण आले आणि आज तीच व्यवस्था अडचणीत का आली आहे, हे समजून घेण्यासारखे आहे.

बंदर आणि भट्ट्या

साकाई हे शहर ओसाका शहराच्या दक्षिणेस, ओसाकाच्या उपसागराच्या काठी वसले आहे. शहराच्या हद्दीत इसवी सनाच्या पाचव्या शतकाच्या सुमारास बांधलेली राजघराण्यातील व्यक्तींची प्रचंड थडगी आहेत. त्यांतील दाइसेन या नावाने ओळखले जाणारे थडगे जवळजवळ अर्धा किलोमीटर लांबीचे आहे. एवढे मातीकाम करायचे तर फावडी आणि कुदळी मोठ्या संख्येने लागणार. त्यामुळे या भागातील लोहारकामाची परंपरा त्या काळापर्यंत मागे नेली जाते. २०१९ साली या थडग्यांचा समावेश जागतिक वारशाच्या यादीत करण्यात आला.

सोळाव्या शतकात साकाई हे जपानमधील एक संपन्न बंदर होते. तेथील धनिक व्यापारी शहराचा कारभार बऱ्याच अंशी स्वतःच पाहत. चहापानाच्या विधीला शास्त्राचे स्वरूप देणारा सेन नो रिक्यू (१५२२–१५९१) हा याच शहरातील एका व्यापारी कुटुंबात जन्मला. १५४३ साली तानेगाशिमा या बेटावर पोर्तुगीजांकडून जपान्यांच्या हाती बंदुका आल्या आणि थोड्याच वर्षांत साकाईचे लोहार बंदुकीच्या नळ्या बनवू लागले. पोर्तुगीजांबरोबर तंबाखूही आली. तंबाखूची पाने केसासारखी बारीक कापावी लागत आणि त्यासाठी अतिशय तीक्ष्ण सुऱ्यांची गरज भासू लागली. साकाईच्या तंबाखूच्या सुऱ्या इतक्या नावाजल्या गेल्या की तोकुगावा राजवटीने त्यांवर ‘साकाई किवामे’ अशी खास मोहोर उमटवण्याची व्यवस्था केली. या मोहोरेमुळे साकाईच्या सुऱ्या देशभर विकल्या जाऊ लागल्या.

स्वयंपाकाच्या सुऱ्या या धंद्यातूनच पुढे आल्या. मासळी साफ करण्याची ‘देबा’ नावाची जाड सुरी गेनरोकू कालखंडात, म्हणजे १६८८ ते १७०४ या दरम्यान, साकाईत बनू लागली असे मानले जाते. १८७६ साली जपानच्या नव्या सरकारने सर्वसाधारण लोकांनी तलवार बाळगून हिंडण्यास बंदी केली. तेव्हा देशातील अनेक तलवार घडवणारे लोहार सुऱ्या, कात्र्या आणि शेतीची अवजारे यांकडे वळले. साकाईत मात्र सुरीचा धंदा त्याआधीच रुजलेला होता. धातूकामाची ही पुंजी पुढे अन्य उद्योगांच्याही उपयोगी पडली. सायकलीचे सुटे भाग बनवणाऱ्या शिमानो या प्रसिद्ध कारखान्याची सुरुवात १९२१ साली याच शहरात झाली.

लोखंड आणि पोलाद

पाते घडवण्यापूर्वी लोखंड आणि पोलाद यांतील फरक लक्षात घ्यावयास हवा. शुद्ध लोखंड मऊ असते. त्यात कर्बाचे अल्प प्रमाण मिसळले की त्याचे पोलाद होते, आणि योग्य तऱ्हेने तापवून एकदम थंड केल्यास ते अत्यंत कठीण बनते. साकाईत धारेसाठी जे पोलाद वापरतात त्यात कर्बाचे प्रमाण साधारणपणे शेकडा एक किंवा त्याहून थोडे अधिक असते. हे पोलाद मुख्यतः शिमाने प्रांतातील यासुगी येथे तयार होते. कारखान्यातून पोलादाच्या पट्ट्या निरनिराळ्या रंगांचे कागद चिकटवून पाठवल्या जात, त्यावरून ‘पांढरा कागद’ आणि ‘निळा कागद’ अशी नावे रूढ झाली. पांढऱ्या कागदाचे पोलाद म्हणजे जवळजवळ केवळ लोखंड आणि कर्ब. निळ्या कागदाच्या पोलादात थोडे टंगस्टन आणि क्रोमियम असते. त्यामुळे त्याची धार अधिक काळ टिकते. मात्र ती पुन्हा लावण्यास अधिक श्रम पडतात.

भरपूर कर्ब असलेल्या पोलादाचे महत्त्व भारतीय कारागिरांनी फार पूर्वी ओळखले होते. दक्षिण भारतात मातीच्या बंद मुशीत लोखंड आणि वनस्पतिजन्य कर्ब एकत्र तापवून बनवलेले पोलाद ‘वूट्झ’ या नावाने जगभर गेले. तेलंगणातील कोनसमुद्रम हे गाव त्यासाठी प्रसिद्ध होते. लंडनमधील हत्यारे बनवणारा जेम्स स्टोडार्ट याने या पोलादाच्या सुऱ्या आणि वस्तरे तयार केले, आणि त्याच्याच सहकार्याने मायकेल फॅरडे याने पोलादाच्या मिश्रणांवर केलेले प्रयोग १८२० साली प्रसिद्ध झाले. चांगल्या पात्याचे गुण कशात आहेत, हा प्रश्न अशा रीतीने स्वयंपाकघर आणि प्रयोगशाळा या दोहोंत एकाच वेळी विचारला जात होता.

साकाईच्या लोहाराने या प्रश्नाचे दिलेले उत्तर असे : संपूर्ण पाते पोलादाचे करायचे नाही. अंग नरम लोखंडाचे ठेवायचे आणि ज्या बाजूस धार येणार तेवढ्याच बाजूस पोलादाचा थर द्यायचा. मग धार कठीण राहते, आणि तिला पाठीशी असलेले नरम लोखंड सांभाळून घेते.

भट्टीपाशी

नरम लोखंडाची पट्टी भट्टीत लाल केली जाते. तिच्यावर टांकणखार आणि लोखंडाची पूड यांचे मिश्रण पसरले जाते. टांकणखार वितळून लोखंडावरील जळालेला थर आपल्यात विरघळवून घेतो, त्यामुळे दोन धातूंचे स्वच्छ पृष्ठभाग एकमेकांना भिडतात. या मिश्रणावर पोलादाचा लहानसा तुकडा ठेवून दोन्ही पुन्हा तापवतात. उष्णता सुमारे हजार अंश सेल्सियसच्या आसपास आली की सांडशीत धरून ऐरणीवर घणाचे घाव घातले जातात. कोणताही धातू वितळलेला नसतो, तरीही दोन्ही एकजीव होतात.

या वेळी चूक करण्यास फारसा वाव नसतो. उष्णता कमी पडली तर सांधा धरत नाही, आणि महिनाभराने धार लावताना पोलाद लोखंडापासून सुटते. उष्णता अधिक झाली तर पोलादातील कर्ब जळून जातो आणि त्याचे कण मोठे होतात. असे पाते बाहेरून निर्दोष दिसते, परंतु त्याची धार मात्र भुरभुरत राहते. भट्टीत उष्णता मोजण्याचे साधन बसवता येते. तथापि पात्याच्या टोकाशी, मध्यभागी आणि बुडाशी उष्णता सारखी आहे की नाही हे लोहार रंगावरूनच ओळखतो. पूर्वी समोर उभा असलेला मदतनीस घण मारीत असे. आता ते काम बहुतेक ठिकाणी यांत्रिक घण करतो. पाते कोठे आणि किती वेळ ठेवायचे हे मात्र लोहाराच्या हातावरच अवलंबून असते.

आकार आल्यावर पाते पेंढ्याच्या राखेत पुरून सावकाश निवू दिले जाते. यामुळे घावांनी धातूत निर्माण झालेला ताण नाहीसा होतो. मग थंड अवस्थेतच त्यावर हलके घाव घालून पृष्ठभाग सारखा करतात, कडा कापून आकार नेमका करतात आणि पात्यावर कारखान्याची खूण ठोकतात.

पाणी देणे

आतापर्यंत पाते मऊच असते. त्याला काठिण्य येते ते पाणी देण्याच्या क्रियेने. लोखंडाच्या अंगी एक विलक्षण गुण आहे. सुमारे सव्वासातशे अंशांच्या वर त्याच्या कणांची मांडणी बदलते आणि त्या नव्या मांडणीत कर्बाला शिरण्यास जागा मिळते. असे तापलेले पोलाद सावकाश निवले तर कर्ब पुन्हा बाहेर पडतो आणि पोलाद मऊ राहते. परंतु ते एकदम थंड केले तर कर्बाला बाहेर पडण्यास अवधीच मिळत नाही. तो आतच अडकतो, कणांची मांडणी ताणली जाते आणि पोलाद काचेसारखे कठीण बनते.

पाण्यात बुडवण्यापूर्वी पात्यावर मातीचा पातळ लेप देऊन तो वाळवतात. उघडे तापलेले पाते पाण्यात गेले की त्याभोवती वाफेचा थर जमतो आणि थंड होण्याच्या क्रियेत अडथळा येतो. मातीच्या लेपामुळे वाफेचे बुडबुडे लहान राहतात आणि पाते सर्वत्र सारखे निवते. हे काम करताना कार्यशाळेतील उजेड कमी करण्याची प्रथा आहे, कारण भर उजेडात तापलेल्या लोखंडाचा रंग फसवा दिसतो. भट्टीत पाइन वृक्षाच्या लाकडाचा कोळसा वापरतात. तो लवकर पेटतो आणि आच चटकन कमी-अधिक करता येते. पात्याचा रंग आठशे अंशांच्या जरा अलीकडचा दिसला की लोहार ते एका झटक्यात पाण्यात उतरवतो.

पाण्यातून निघालेले पाते कठीण असते, परंतु वापरण्याजोगे नसते. या अवस्थेत ते काचेसारखेच तडकते. म्हणून ते पुन्हा दीडशे ते दोनशे अंशांच्या दरम्यान मंद तापवले जाते. त्यामुळे काठिण्य किंचित उतरते आणि त्या मोबदल्यात चिवटपणा येतो. किती काठिण्य सोडायचे आणि किती चिवटपणा घ्यायचा याचे प्रमाण प्रत्येक लोहाराचे वेगळे असते. त्याच्या सुऱ्यांचा जो विशिष्ट गुण जाणकार आचाऱ्यांना ओळखता येतो तो मुख्यतः या टप्प्यावर ठरतो.

पाण्यात पडताना पोलाद आणि लोखंड सारख्या प्रमाणात आकुंचन पावत नाहीत, त्यामुळे पाते थोडेफार वाकतेच. ते हातोडीने ठोकून सरळ करता येते, याचे कारण अंगातील नरम लोखंड. संपूर्ण पोलादाच्या पात्यात ही सोय नसते. तशा सुऱ्याही साकाईत बनतात. त्यांच्या पाठीवर मातीचा जाड थर देऊन केवळ धारेची बाजू कठीण केली जाते. परंतु पाण्यात तडा जाऊन वाया जाणाऱ्या पात्यांची संख्या त्यांत अधिक असते आणि ते काम करणारे लोहारही थोडे आहेत. त्यांची किंमत अधिक असते ती यामुळेच.

शिकलगाराची सहाण

लोहाराच्या हातून निघालेले पाते काळे, जाड आणि बोथट असते. ते शिकलगाराच्या कार्यशाळेत जाते. तेथे पाणी सोडलेली मोठी सहाणेची चाके फिरत असतात. शिकलगार लाकडी पकडीत पाते धरून ते चाकावर टेकवतो आणि प्रथम जाडी उतरवतो. घर्षणाने धातू तापला तर लोहाराने दिलेले पाणी उतरते आणि सारी मेहनत वाया जाते. म्हणून पाण्याची धार सतत चालू ठेवावी लागते. चाकावर धरल्याने पाते पुन्हा वाकते. ते डोळ्यांसमोर धरून पाहायचे, ठोकून सरळ करायचे आणि पुन्हा चाकावर धरायचे, असे अनेकदा घडते.

साकाईच्या पारंपरिक सुरीला एकाच बाजूने उतार असतो. दुसरी बाजू सपाट दिसते, परंतु ती अगदी किंचित खोलगट केलेली असते. या खोलगटपणामुळे कापलेला पदार्थ पात्याला चिकटत नाही. शिवाय पुढे निसण्यावर धार लावताना त्या बाजूची केवळ कड दगडाला टेकते आणि सपाटी राखणे सोपे जाते. हा खोलगटपणा पात्याच्या लांबीभर सारखा ठेवणे हे शिकलगाराच्या कामातील सर्वांत अवघड कौशल्य समजले जाते. शेवटी बारीक दगडाच्या पुडीने पाते घासले की नरम लोखंडाचा भाग धुकट दिसू लागतो आणि धारेजवळील पोलाद चकाकते. या दोहोंमधील रेषेवरून लोहाराने सांधा किती नीट बसवला आहे हे कळते.

एका धंद्याचे असे तुकडे करण्यात तोटाही असतो आणि फायदाही. लोहाराला धार लावण्याचे श्रम नसल्याने तो आयुष्यभर भट्टीपाशीच राहतो, तर शिकलगाराच्या हाताखालून अनेक लोहारांची पाती जातात. कोणाचे पाणी कसे आहे हे पाते चाकाला टेकताच त्याला समजते. एखाद्या पात्यात दोष आढळला तर तो लोहाराला कळवतो. अशा रीतीने एकाचे काम दुसऱ्याकडून तपासले जाते.

मूठ

मुठीचे काम तुलनेने सोपे वाटते आणि म्हणूनच त्याच्याकडे दुर्लक्ष होते. साकाईच्या सुरीची मूठ होओ या वृक्षाच्या लाकडाची असते. हा वृक्ष सोनचाफ्याच्या कुळातील आहे. त्याचे लाकूड हलके व सरळ रेषांचे असते, त्यात चीक नसतो आणि ओल्या हातातून ते सहसा निसटत नाही. मुठीच्या तोंडाशी, जेथे पात्याचे शेपूट आत शिरते, तेथे म्हशीच्या शिंगाची शेंबी बसवलेली असते. लाकूड उलण्याची शक्यता सर्वांत अधिक तेथेच असते. शिंग चिवट असल्याने ते लाकडाला आवळून धरते आणि पाणी आत मुरू देत नाही. शिंगाला चीर नसावी, त्याचा पोकळ भाग नेमका कापलेला असावा, आणि लाकूड व शिंग यांचा सांधा बोटाला जाणवू नये, याकडे मूठ करणारा लक्ष देतो.

मुठीचा आकार हाताप्रमाणे बदलतो. काही मुठी लंबगोल, काही अष्टकोनी, तर काहींच्या एकाच बाजूस कंगोरा असतो. हा कंगोरा उजव्या हाताच्या बोटांच्या वळणात बसतो, त्यामुळे सुरी हातात फिरत नाही आणि न पाहताही धारेची दिशा कळते. डावखुऱ्या माणसाला अशी मूठ निरुपयोगी असते. एवढेच नव्हे तर एका बाजूने उतार असलेले पातेही त्याच्यासाठी मुळापासून उलटे घडवावे लागते.

पाते मुठीत बसवण्याची रीत मोठी कौतुकास्पद आहे. पात्याचे शेपूट तापवून मुठीतील भोकात घालतात. तापलेले शेपूट लाकूड जाळीत स्वतःच्या आकाराची जागा करते. मग सुरी हातात धरून मुठीच्या मागील टोकावर लाकडी हातोडीचे ठोके दिले जातात. ठोक्यासरशी मूठ पुढे सरकते. जड पाते मात्र जागीच राहू पाहते, आणि अशा रीतीने शेपूट हळूहळू आत शिरते. मध्येच थांबून पाते आणि मूठ एका रेषेत आहेत की नाहीत हे डोळ्यांनी तपासले जाते. ही मूठ कायमची नसते. लाकूड झिजले किंवा कुजले की ती ठोकून काढता येते आणि त्याच पात्याला नवी मूठ बसवता येते. पात्याचे आयुष्य मुठीहून मोठे असते, हे गृहीत धरूनच तिची रचना केलेली आहे.

मागणीप्रमाणे सुरी

जपानमधील व्यावसायिक आचारी स्वतःच्या सुऱ्या स्वतःच बाळगतो. कच्च्या मासळीचे काप एकाच ओढीत कापण्यासाठी ‘यानागिबा’ ही लांब व अरुंद सुरी, मासळीचे डोके तोडण्यासाठी जाड ‘देबा’ आणि भाजीसाठी पातळ ‘उसुबा’ या तीन मुख्य होत. त्यांतही प्रदेशपरत्वे भेद आहेत. ओसाकाच्या बाजूच्या उसुबाचे टोक विळ्यासारखे वळलेले असते, तर टोकियोकडील उसुबा चौकोनी असते. वाम मासा चिरण्याच्या सुऱ्याही शहराशहरांप्रमाणे वेगवेगळ्या आहेत.

मागणी देणारा आचारी सहसा लोहाराकडे जात नाही, व्यापाऱ्याकडे जातो. पात्याची लांबी ‘सुन’ या मापाने सांगितली जाते. एक सुन म्हणजे ३.०३ सेंटिमीटर. नऊ सुनांची यानागिबा म्हणजे सुमारे २७ सेंटिमीटरांची सुरी. आचाऱ्याचा हात केवढा आहे, तो उजवा आहे की डावखुरा, दिवसाला किती मासळी कापतो, धार लावण्यास त्याला किती सवड असते, हे विचारून व्यापारी कोणत्या लोहाराचे पाते, कोणत्या शिकलगाराची धार आणि कोणत्या आकाराची मूठ जुळेल हे ठरवतो. सुरी तयार झाल्यावर पात्यावर छिन्नीने नाव कोरले जाते. परंपरेने हे नाव व्यापाऱ्याच्या पेढीचे असे. ज्यांनी पाते घडवले आणि ज्यांनी त्याला धार दिली त्यांची नावे गिऱ्हाइकाला सहसा कळत नसत. अलीकडे परदेशी गिऱ्हाइके लोहाराचे आणि शिकलगाराचे नाव विचारू लागल्याने ती प्रसिद्ध करण्याची पद्धत वाढली आहे.

साखळीचे भवितव्य

या धंद्यापुढील पहिले आव्हान न गंजणाऱ्या पोलादाचे. १९१३ साली इंग्लंडमधील शेफील्ड येथे हॅरी ब्रेअर्ली याने शेकडा सुमारे तेरा क्रोमियम असलेले पोलाद बनवले. पुढे या पोलादाच्या सुऱ्या घरोघर गेल्या. साकाईची पारंपरिक सुरी वापरल्यावर पुसून कोरडी केली नाही तर काही तासांतच गंजू लागते. घरगुती गिऱ्हाइकाला ही कटकट नकोशी वाटते, आणि दुसऱ्या महायुद्धानंतर जपानी घरांत मासळी, मांस आणि भाजी या तिन्हींसाठी चालणारी ‘सानतोकू’ ही दोन्ही बाजूंनी धार असलेली एकच सुरी रूढ झाली. अशा सुऱ्या पोलादाच्या पत्र्यातून यंत्राने कापून हजारांच्या संख्येने तयार करता येतात. यात यंत्राला नावे ठेवण्याचे कारण नाही. बहुसंख्य घरांना स्वस्त आणि न गंजणारी सुरी मिळाली हा लाभच होय. परंतु एका विशिष्ट हातासाठी आणि विशिष्ट कामासाठी सुरी करून घेण्याची सोय त्या उत्पादनात नसते.

जपानने १९७४ साली पारंपरिक हस्तव्यवसायांच्या उत्कर्षासाठी कायदा केला. वस्तू दैनंदिन उपयोगाची असावी, तिची मुख्य प्रक्रिया हाताने व्हावी, तंत्र आणि कच्चा माल पारंपरिक असावा आणि तो व्यवसाय त्या प्रदेशात काही एका प्रमाणात चालू असावा, अशा त्याच्या अटी आहेत. साकाईच्या घडीव सुऱ्यांना १९८२ साली या कायद्याखाली मान्यता मिळाली. २०१३ साली जपानी पाकपरंपरेचा समावेश मानवजातीच्या अमूर्त वारशात झाला. जपानी स्वयंपाकाबरोबर जपानी सुरीलाही परदेशांतून मागणी येत आहे.

एवढी मागणी असताना धंद्याला चिंता कशाची, असा प्रश्न साहजिकच पडतो. त्याचे उत्तर श्रमविभागणीत आहे. ज्या व्यवस्थेने प्रत्येक कामात पराकोटीचे कौशल्य निर्माण केले तिच्यात एकाचे काम दुसऱ्याला करता येत नाही. लोहारांची संख्या वाढली तरी शिकलगार कमी असतील तर घडवलेली पाती कपाटात पडून राहतात. दोन्ही पुरेसे असले तरी शिंगाची शेंबी बसवणारा मूठकारागीर नसेल तर सुरी पुरी होत नाही. मुठीच्या कामाला ना लोहाराची प्रतिष्ठा ना मोठा मोबदला, म्हणून तेथे शिकाऊ मुले मिळणे विशेष कठीण जाते. शिवाय शिकवण्याला वेळ लागतो. या कायद्याखाली पारंपरिक कारागीर म्हणून परीक्षेला बसण्यासाठीच त्या कामाचा निदान बारा वर्षांचा अनुभव लागतो. वयोवृद्ध कारागिराने काम थांबवण्याच्या बारा वर्षे आधी त्याचा शिष्य दाखल झालेला असावा लागतो. उशिरा आलेली मागणी ही उणीव भरून काढू शकत नाही.

काही तरुण लोहार आणि शिकलगार आता दोन्ही कामे शिकू लागले आहेत. काही व्यापारी पगार देऊन शिकाऊ कारागीर ठेवीत आहेत. यामुळे जुनी विभागणी थोडी सैल होईल, आणि कदाचित प्रत्येक कामातील बारकावा थोडा कमीही होईल. तरीही साखळीतील एखादा दुवा अजिबात नाहीसा होण्यापेक्षा ते बरे, असा विचार त्यामागे आहे.

या साखळीतील शेवटचा दुवा म्हणजे सुरी वापरणारा. साकाईची सुरी दुकानातून निघताना पूर्ण झालेली असते असे आचारी मानीत नाहीत. ओल्या निसण्यावर, प्रथम खरखरीत आणि मग बारीक, अशा क्रमाने पात्याचा उतार दगडाला नेमका टेकवून धार लावावी लागते. धारेच्या काठावर दुसऱ्या बाजूस बारीक लव उमटली की ती हलकेच उतरवायची, आणि पाते धुऊन कोरडे करून ठेवायचे, हा रोजच्या कामाचा शेवट असतो. अशा वापराने यानागिबाचे पाते वर्षांनुवर्षे झिजत जाते, ते अधिकाधिक अरुंद होते आणि मधल्या काळात तिची मूठ एक-दोनदा बदलली जाते. त्यासाठी ती पुन्हा साकाईला पाठवली जाते. तिला नवी मूठ बसवून देणारा कारागीर तेथे असला पाहिजे, एवढीच त्या आचाऱ्याची अपेक्षा असते.